आजोबांची फियाट पुन्हा उभी करताना पहिला पाना कुठे लावायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणच्या घरी आजोबांची १९७२ ची फियाट ११०० डिलाइट चौदा वर्षं पडवीत उभी आहे. जुलै २०२१ च्या पुरात पाणी सीटपर्यंत चढलं होतं. तुम्ही पुण्यात नोकरीला, हाताशी थोडे पैसे आणि शनिवार-रविवार. गाडी पुन्हा चालती करायची आहे, पण अगदी जशीच्या तशी नको. डिस्क ब्रेक, एसी, स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली घेतलेला, आणि जमलं तर इंजिनही नवं. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत.

मी कोल्हापुरात तीस वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतोय आणि त्यात फियाट सगळ्यात जास्त आल्या. म्हणून पहिलं सांगणं हेच: या रविवारी चिपळूणला गेलात तर एकही नट सैल करू नका. वही, मोबाइल, टॉर्च, लोहचुंबक आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर एवढंच न्या.

मी ज्या जुन्या गाड्या भंगारात जाताना पाहिल्या, त्यातल्या गंजाने गेलेल्या थोड्या. बाकीच्या उघडून ठेवल्यामुळे गेल्या. चार मित्र जमतात, दोन दिवसांत गाडी सुटी होते. नट-बोल्ट पिशव्यांत, पिशव्या गोणीत. इंजिन एका मेकॅनिककडे, दारं पेंटरकडे, बंपर क्रोमवाल्याकडे. मग कुणाची बदली होते, कुणाच्या घरी लग्न निघतं. दोन वर्षांनी क्रोमवाल्याने जागा बदललेली असते आणि गोणीतल्या कुठल्या बोल्टची जागा कुठे ते कुणालाच आठवत नाही. उभी असलेली गाडी कितीही गंजलेली असली तरी ती गाडी असते, तिच्याकडे पाहून काय कुठे बसतं ते कळतं. सुटी केली की ते ज्ञान माणसाच्या डोक्यात जातं आणि तिथून ते लवकर निघून जातं. तेव्हा जो भाग आत्ता दुरुस्त होऊन परत बसणार आहे तेवढाच उघडायचा, हा नियम शेवटपर्यंत पाळा.

तुमच्या हातात काय आहे ते आधी समजून घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. तिच्या आधीची गोलमटोल पाठीची, जिला आपल्याकडे सगळे प्रेमाने डुक्कर फियाट म्हणतात, ती वेगळी. डिलाइट १९६४ पासूनची. हीच पुढे प्रीमिअर प्रेसिडेंट आणि लगोलग प्रीमिअर पद्मिनी झाली. नाव बदललं, ढाचा तोच राहिला. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, साधारण चाळीस अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं, त्यामुळे तुमच्या गाडीला लागणारं इंजिनचं, गिअरबॉक्सचं आणि खालचं बरंचसं सामान पद्मिनीचं चालतं. जाळी, दिवे, बिल्ले, चकचकीत पट्ट्या मात्र वर्षागणिक बदलल्या. तुमच्या गाडीवर जे आहे ते तुटकं असलं तरी टाकू नका. नमुना म्हणून तरी लागेलच.

आता कागद. लोक हा भाग शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. आरसी पुस्तक कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल आणि ते हयात नसतील, तर आधी नमुना ३१ भरून वारसाच्या नावे हस्तांतर करावं लागेल. त्याला इतर वारसांची संमती लागते, म्हणून काका-आत्यांशी आत्ताच बोला. गाडीवर लाखो रुपये खर्च झाल्यावर हा विषय काढला की घरात वाईट होतं, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय. इतक्या जुन्या गाडीची नोंद संगणकावर नसण्याचीच शक्यता जास्त. मग आरटीओत बॅकलॉगची नोंद करून घ्यावी लागते, त्यासाठी मूळ पुस्तक लागतं. पुरात ते भिजलं असेल तर वाळवून, प्लास्टिकमध्ये घालून जपा. पर्यावरण कर थकला असेल तो भरावा लागेल. त्यानंतर गाडी तपासणीला दाखवून नोंदणीचं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी.

आणि चासी नंबर. तो गाडीवर कुठे ठोकलाय ते शोधा, हळूच साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने घासून छाप घ्या, फोटो काढा, पुस्तकातल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. इंजिन नंबरचंही तसंच. पुढे पत्र्याचं काम करताना त्या जागेवर ग्राइंडर फिरणार नाही, वाळू मारली जाणार नाही, हे पत्रेवाल्याला स्वतः उभं राहून सांगा. नंबर घासला गेला तर गाडी कितीही सुंदर झाली तरी कागदावर ती बेवारस.

इथेच तुमच्या डिस्क ब्रेक, एसी आणि नव्या इंजिनाचा निर्णय येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. नव्याने नोंदणी असेल तर वीस हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. तुमचा तो तीन अक्षरी नंबर, एम.एच. यायच्या आधीचा, आजोबांच्या हातचा, जपण्यासारखा आहे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची. तुमची १९७२ ची गाडी वयाने यात बसते. पण नवं इंजिन टाकलंत, बॉडी कापलीत की हा दरवाजा बंद.

दुसरा रस्ता साध्या नोंदणीचा. त्यात गाडी रोज वापरता येते, पण तिथेही मनाला येईल ते करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात ते ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची, जोडकाम मागून. रंग बदललात तर त्याचीही नोंद पुस्तकात हवी. विमा कंपनी अपघातानंतर नेमकं हेच बघते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा: ही गाडी कोण चालवणार, कुठे आणि महिन्यातून किती वेळा. ‘रविवारी सकाळी आई-बाबांना घेऊन सिंहगडच्या पायथ्यापर्यंत’ असं उत्तर असेल तर लागणारं काम वेगळं. ‘दर महिन्याला ताम्हिणी उतरून चिपळूण’ असेल तर वेगळं. मला विचाराल तर पहिल्या प्रकारची गाडी पूर्ण मूळ ठेवावी. दुसऱ्या प्रकारात बदल करावेत, पण माझ्या गॅरेजमध्ये मी एक मर्यादा पाळतो: जे बोल्टने बसेल आणि बोल्टनेच निघेल तेवढंच करायचं. मूळ भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवायचा. उद्या तुमच्या मुलीला गाडी आजोबांच्या रूपात हवी असेल तर तिला ती मिळाली पाहिजे.

त्यानंतर पाहणी. फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचं खोकं हीच तिची चासी, त्यामुळे फ्लोअर आणि दारांखालचे दोन्ही सिल म्हणजे घराच्या भिंतीच समजा. कोकणची हवा आणि वर पुराचं पाणी, तेव्हा बाहेरच्या रंगाकडे बघू नका. रबरी मॅट उचला, खालचा कोंदट काथ्या काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने फ्लोअर टोचत जा. सिलच्या खालच्या कडा, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ, दारांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीखालची तबकडी, पुढचं सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तो भाग, मागच्या पाट्यांचे खुंटे. जिथे टोक आत जाईल तिथे फोटो आणि वहीत नोंद. बाहेरून चुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पूर्वी कुणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

पुराच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते, ती कोरड्या जागी उभ्या असलेल्या गाडीत नसते. गाळ. सिलच्या पोकळीत, दारांच्या आत, ड्रममध्ये, चासीच्या बंद पेट्यांत तो बारीक चिखल बसून राहतो. पाच पावसाळे तो ओल धरतो आणि आतून पत्रा खातो. वरून सिल ठणठणीत वाटतो. बोटाच्या गाठीने ठोकत जा. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शिअलमध्येही पाणी शिरलं असणार. तेल काढलं की ताकासारखं दिसेल. चाकांच्या बेअरिंगा, स्टार्टर, डायनामो, वायरिंगचे सगळे जोड हे कामात धरूनच चला.

या क्रमाचा मी इतका आग्रह धरतो, त्यालाही कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत रत्नागिरीच्या एका निवृत्त शिक्षकांची फियाट माझ्याकडे आली होती. इंजिन चालू होईना, म्हणून मी इंजिनला हात घातला. बोअर केलं, क्रँक घासली, हेड फेस केलं, इंजिन सुरेख बोलू लागलं. मग रंग दिला. सर येऊन गाडी घेऊन गेले. सहा महिन्यांनी एका पंक्चरला जॅक लावला आणि जॅक सिलमधून वर घुसला. दार बसेना. गाडी परत आली तेव्हा उजव्या बाजूचा सिल हाताने मोडत होता. माझाच नवा रंग मला कापून काढावा लागला. सर एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. ते काम मी माझ्या खर्चाने केलं. तेव्हापासून माझ्याकडे कुठलीही गाडी आली की पत्रा पहिला, ब्रेक-स्टिअरिंग दुसरं, इंजिन तिसरं, रंग आणि सीट शेवटी. इंजिन चालू झालं की मालकाला आनंद होतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण ज्या पत्र्यावर ते इंजिन बसणार आहे तो आधी धड हवा.

गाडी हलवायची तर कुंभार्ली घाटातून दोरीने ओढत आणू नका. ब्रेक जाम आहेत, टायर चौदा वर्षं एकाच जागी बसून चपटे झालेत. सपाट पाठीच्या गाडीवरच चढवा. चाक फिरत नसेल तर ड्रमवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या, अॅडजस्टर सैल करा. सरळ हातोडा मारला तर बिडाचा ड्रम तडकतो आणि चांगला ड्रम मिळणं आता सोपं राहिलेलं नाही.

पत्र्याचं काम करणारा माणूस निवडताना त्याचं वर्कशॉप किती चकचकीत आहे ते पाहू नका. त्याचं अर्धवट झालेलं काम पाहा. रंगाखाली सगळं झाकतं, अर्धवट कामात काही झाकत नाही. त्याला विचारा, सिल कापण्याआधी काय करता? दारांच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या टाचून घेतो, गाडी सपाटीवर चार ठिकाणी टेकवतो, दारं लावून फटी मोजतो, एका वेळी एकच बाजू कापतो, असं तो म्हणाला तर बसा त्याच्याकडे चहाला. नुसता ‘करून टाकतो’ म्हणाला तर नमस्कार करून उठा. दोन्ही सिल एकदम कापलेली गाडी मधोमध खचते आणि मग कुठलंच दार कधीच नीट लागत नाही. पत्रा सी.आर. (थंड लाटलेला) घ्यायचा, फ्लोअरला आणि बाहेरच्या भागांना वीस गेज, सिलच्या आतल्या जाड भागांना अठरा; गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड. जोड सीओटू वेल्डिंगने. पूर्वी आपल्याकडे गॅसने पितळी झाळ मारायचे. बारीक भोकाला ती चालते, पण ज्यावर गाडीचा भार आहे तिथे नको. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते तिथे वरच्या पत्र्याला भोकं पाडून ती भरून घ्यायची, म्हणजे जोड मूळ जागी आणि मूळ ताकदीचा राहतो. सिलची पोकळी बंद करण्याआधी प्रेशरने धुवायची, पूर्ण वाळवायची, आतून इपॉक्सी प्रायमर आणि काम संपल्यावर मेणाचा फवारा. पाणी निघायची मूळ भोकं बुजवू देऊ नका. पत्रेवाल्यांना ती भोकं म्हणजे चूक वाटते, आणि एक भोक बुजलं की दोन पावसाळ्यांत दार खालून जातं.

जुना रंग काढायला बॉनेट, छप्पर, दारं यांवर वाळू मारू नका. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो आणि तो सरळ होत नाही. रंग काढायचं केमिकल लावून खरवडायचं, वेळ लागला तरी. वाळू सस्पेन्शनच्या आर्मना, रिमना, जाड भागांना.

ब्रेकमध्ये तडजोड नाही. तुमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा आहे. म्हणजे एक जरी होज (ब्रेकची रबरी नळी) फुटला तर चारही चाकांचे ब्रेक जातात आणि हातात फक्त हँडब्रेक उरतो. मला विचाराल तर डिस्कच्या आधी दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. सगळ्या लोखंडी नळ्या नव्या, तांबं-निकेलच्या. नुसत्या तांब्याच्या नकोत, त्या हादऱ्यांनी कडक होऊन तडकतात. होज सगळे नवे. व्हील सिलिंडरला खड्डे पडले असतील तर आतून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून मूळ मापाला आणता येतात; आमच्या उद्यमनगरात असं लेथचं काम हातावर बसलेले कारागीर आहेत, पुण्यातही मिळतील. किंगपिन आणि बुश बदलायचे, ग्रीसचे निपल एक-एक तपासायचे. चाळीस घोड्यांच्या गाडीला नीट गोल केलेले ड्रम आणि चांगले लायनर पुरतात, हे मी घाटात चालवून सांगतो. तरीही डिस्क हवेच असतील तर ब्रॅकेट गॅसने कापलेल्या पट्टीचं नको, जाड प्लेटमधून मशिनवर बनवलेलं हवं, आणि पुढचं-मागचं ब्रेकचं प्रमाण पुन्हा जुळवून घ्यायचं. नाहीतर ओल्या रस्त्यावर पुढची किंवा मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी घसरते.

इंजिन जागं करताना घाई केलीत तर त्याचं जुनं आयुष्य पाच मिनिटांत संपतं. बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही. आधी टाकीतलं, पाइपमधलं जुनं पेट्रोल काढा. त्याला वॉर्निशसारखा वास येतो. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल घाला, पाच-सहा दिवस राहू द्या. पाणी तुमच्याकडे सीटपर्यंत आलं होतं, तेव्हा संपमध्येही (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या तबकात) गेलंय असं धरून ऑइल काढा, संप उतरवून गाळ पुसा. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने, हळूच, मागे-पुढे. फिरलं तर देवाला नमस्कार करा. नाही फिरलं तर जोर करू नका, हेड उतरवा. अॅल्युमिनियमचं हेड विहिरीच्या खारट पाण्याने आतून खाल्लेलं असतं आणि गाडी कधी तापली असेल तर वाकलेलं असतं. पट्टी ठेवून बघा, फेस करून घ्या, पाण्याच्या वाटा तपासा. कॉम्प्रेशन मोजाल तेव्हा आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांजवळ आहेत का ते पाहा.

दोन गोष्टी आजच्या काळाच्या. ही गाडी शिशाच्या पेट्रोलवर वाढली, त्या शिशाने व्हॉल्व्हच्या बैठका (सीट) झिजण्यापासून वाचायच्या. २००० सालापासून देशात ते मिळत नाही. म्हणून हेड उघडलंच आहे तर कडक व्हॉल्व्ह सीट घालून घ्या. दुसरं, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं, टाकीतला गंज सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची पॅकिंग इथेनॉल झेलणाऱ्या मालाची घ्या, टाकी आतून साफ करा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. ऑइल साधं मिनरल, २०-५०, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. आजच्या गाड्यांचं महागडं पातळ सिंथेटिक या इंजिनाच्या टॅपेटना मानवत नाही.

आता तुमची यादी. नवं इंजिन टाकू नका, एवढं मी स्पष्ट सांगतो. प्रीमिअर ११८ एनईचं निसानचं ११७१ सीसीचं इंजिन पद्मिनीत बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्या चालतातही. पण तुमच्या मूळ इंजिनाचा नंबर आजोबांच्या पुस्तकात आहे. नीट बांधलेलं १०८९ सीसीचं इंजिन साठ-पासष्टच्या वेगाने दिवसभर कुरकुर न करता चालतं आणि या गाडीचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग त्याच वेगासाठी आहे. गिअर खाली आणायचा हट्टही सोडा असं म्हणेन. शेवटच्या काळातल्या एस-१ पद्मिनीत तो खाली आला होता, म्हणजे करता येतं, पण त्यासाठी फ्लोअरचा बोगदा कापावा लागेल. स्टिअरिंगवरचा गिअर गचाळ लागतो तो दांड्यांचे बुश झिजल्यामुळे. नवे बुश घालून बघा, दोन बोटांनी पडतो. पुढे एकसंध सीटवर तिघं मावतात, ती मजा खालच्या गिअरमध्ये जाते.

एसी करता येईल, पण तो एकटा येत नाही. डायनामो काढून अल्टरनेटर, रेडिएटरचा नवा कोअर, इलेक्ट्रिक फॅन, नवं वायरिंग. अल्टरनेटर आणि नवं वायरिंग मी तसंही करा म्हणेन, हेडलाइटना रिले लावून. रात्री घाटात फरक कळतो. सीटबेल्ट नक्की लावा, आणि त्यांचे बोल्ट नुसत्या पत्र्यात नको, मागून जाड प्लेट वेल्ड करून. बॉडीचं काम चालू असतानाच हे करायचं, नंतर नवा रंग जाळावा लागतो.

सामानाचं सांगायचं तर वेळ कमी आहे. मुंबईच्या टॅक्सी धावत होत्या तोवर फियाटचा कुठलाही भाग मिळायचा, कारण त्यांच्या जिवावर दुकानं चालायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून उतरली. तेव्हापासून दुकानदार तो माल नव्याने भरत नाहीत. कुर्ल्याला, चोरबाजारात, पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात अजून निघतं, पण जे दिसेल ते त्याच दिवशी घ्यावं अशी वेळ आलीये. काचांची रबरी बीडिंग, दारांची कुलपं, किंगपिनचे सेट, मास्टर सिलिंडरची किट, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटरची कॅप हे काम सुरू व्हायच्या आधीच जमवायला लागा. क्रोमला भाग देताना प्रत्येकाचा फोटो, मोजून यादी, त्याची सही. तांबं, निकेल, मग क्रोम, असे तिन्ही थर आधी बोलून घ्या. तांबं चुकवलं तर चिपळूणच्या हवेत दोन पावसाळ्यांत फोड येतात. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या क्रोमला चुकूनही देऊ नका, त्या वेगळ्याने पॉलिश होतात.

रंग दिवाळी ते होळी या दिवसांतच. पावसाळ्यात दमट हवेमुळे ड्यूको पांढरट पडतो आणि प्रायमरखाली ओल अडकते. पेंटर ‘बूथ आहे, चालतं’ म्हणाला तरी थांबा. मूळ रंग कोणता होता ते डिकीच्या बिजागरीखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे सापडेल. तिथला एक तुकडा न रंगवता सोडून द्या.

पैशांचा अंदाज करताना अर्धी रक्कम पत्रा आणि रंगाला धरा. उरलेल्यातून ब्रेक आणि इंजिन आधी, सीट आणि एसी मागून. पत्रेवाल्याला आगाऊ सगळे पैसे देऊ नका. एक बाजू झाली, दार लागलं, बघितलं, मग पुढचा हप्ता. दर रविवारी जाऊन उभं राहता येत असेल तरच गाडी लांबच्या गावात ठेवा. तुम्ही पुण्यात आहात तर पुण्यातच शोधा, माझ्याकडे कोल्हापूरला आणू नका. काम चांगलं होतं ते मालकाची सायकलसुद्धा रोज दारात दिसते तिथे.

या रविवारी जाल तेव्हा गाडीचे चारही बाजूंनी, खालून, बॉनेटखाली, डॅशबोर्डखाली, डिकीत, असे दोनशे तरी फोटो काढा. वायरी कशा जातात, पाइप कुठून वळतात, कुठल्या पट्टीला कोणता स्क्रू आहे. मॅट आणि ओला काथ्या बाहेर काढून टाका, दारं दिवसभर उघडी ठेवून वारा लागू द्या, चाकांखाली फळ्या सरकवा म्हणजे जमिनीची ओल चढणार नाही. आजोबांनी जपलेली बिलं, सर्व्हिसची वही, जुने फोटो घरात कुठे आहेत ते आजीला विचारा. डिकीत जॅक, हँडल, पान्यांची कापडी पिशवी असेल, ती घरात आणून ठेवा. किल्ली चालत असेल तर तिची दुसरी करून घ्या.